दुर्मिळ देशी वनस्पती जागच्या जागी कशा वाचवायच्या

एखाद्या ठिकाणी दुर्मिळ झाड सापडलं की उत्साही माणसाच्या डोक्यात पहिला विचार रोपांचा येतो. बी गोळा करू, शे-दोनशे रोपं तयार करू, लावून टाकू. २०११ मध्ये जगभरच्या अशा पुनर्लागवडींचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. लावलेल्या रोपांपैकी सरासरी ५२ टक्के तगली होती, फुलावर आली ती १९ टक्के, आणि फळ धरलं ते जेमतेम १६ टक्क्यांनी. मुळात ते झाड तिथून का कमी झालं हे न शोधताच त्याच जागी पुन्हा लावलं, तर दुसरं काय होणार?

म्हणून या लेखात लागवड अगदी शेवटी येते. त्याआधीच्या पायऱ्या कंटाळवाण्या वाटतील, पण खरं काम त्यांच्यातच आहे. बऱ्याचदा त्या नीट केल्यावर लागवडीची गरजच उरत नाही.

आधी ओळख पक्की करा

भलत्याच झाडावर पाच वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. नुसता फुलाचा सुंदर फोटो ओळख पटवायला पुरत नाही. संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पान खोडाला जिथे जुळतं तो सांधा, फूल समोरून आणि बाजूने, फळ आणि आजूबाजूची जागा, एवढे फोटो हवेत. प्रत्येकात मोजपट्टी ठेवा. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, नमुना लागणारच असेल तर एखादं पान आणि एक फूल पुरे. मुळासकट उपटलेला नमुना शास्त्रीय वाटतो खरा, पण दहाच झाडं उरली असतील तर तो दहा टक्के नाश आहे. शंका असेल तर त्या कुळावर काम करणाऱ्या अभ्यासकाला दाखवा, आणि नाव कळेपर्यंत कशालाही हात लावू नका.

नाव पटलं की दुर्मिळपणाची जात ओळखायची. डेबोरा रॅबिनोविट्झ या अभ्यासिकेने १९८१ मध्ये त्यासाठी तीन प्रश्न मांडले. झाडाचा पसारा किती दूरवर आहे? ते एकाच तऱ्हेच्या जागी वाढतं की कुठेही? आणि जिथे आहे तिथे दाट आहे की तुरळक? या उत्तरांतून दुर्मिळपणाचे सात प्रकार पडतात, आणि उपायही त्यानुसार बदलतात. एकाच कड्यावर हजारांनी उगवणाऱ्या झाडाला तो कडा वाचवणं पुरतं. शंभर मैलांत कुठे दोन, कुठे तीन असं विखुरलेलं झाड मात्र एखादी जागा राखून वाचणार नाही.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीचे आकडेही माहीत असावेत. पुनरुत्पादनक्षम झाडं ५० पेक्षा कमी असतील तर जात 'अतिसंकटग्रस्त', २५० पेक्षा कमी असतील तर 'संकटग्रस्त', १००० पेक्षा कमी असतील तर 'असुरक्षित' धरतात. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. असंख्य वनस्पतींची तपासणीच अजून झालेली नाही.

जमीन कुणाची आणि परवानगी कुणाची, हे याच टप्प्यावर विचारून घ्या. संरक्षित जातीचं बी गोळा करायलाही बहुतेक ठिकाणी लेखी परवाना लागतो. ऑर्किडचं संपूर्ण कुळ साइटस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे त्याचं रोप कागदपत्रांशिवाय देशाची सीमा ओलांडू शकत नाही.

गुडघ्यावर बसून मोजा

मोजणी उभ्याने होत नाही. दोरी ताणून एक-एक मीटर रुंदीचे पट्टे आखा, गुडघ्यावर बसा आणि पट्ट्याच्या बाहेरूनच हात आत घालत पुढे सरका. सापडलेल्या प्रत्येक झाडाशेजारी रंगीत फीत बांधलेली काडी रोवा. एका रंगाची फीत फुलावर आलेल्यांना, दुसऱ्या रंगाची नुसत्या वाढीतल्यांना, तिसऱ्या रंगाची त्या वर्षीच्या रोपांना. काम संपलं की काड्या मोजत मोजत काढून घ्या, म्हणजे आपसूक दोनदा मोजणी होते.

माझ्या पहिल्या मोजणीत एकही रोप सापडलं नव्हतं. 'नवी पिढीच नाही' असं वहीत ठळक लिहिलं. पंधरा दिवसांनी परत गेलो, तर जिथे मी पिशवी टेकवून डबा खाल्ला होता तिथेच चपटी झालेली अकरा रोपं दिसली. दोन बारीक पानांची ती रोपं मला गवत वाटली होती. तेव्हापासून मोजणीआधी चार बिया कुंडीत रुजवून बीजपत्रं कशी दिसतात, पहिलं खरं पान कसं येतं याचं चित्र वहीत काढतो. मगच जागेवर जातो.

निव्वळ आकड्यापेक्षा वयाची उतरंड जास्त बोलते. तीनशे डेरेदार झाडं आणि रोप एकही नाही, अशी जागा वरवर भरलेली दिसते, पण तिथला वंश थांबलेला असतो. चाळीसच झाडं, पण त्यांत रोपं, पोरसवदा आणि फुलणारी अशी सगळी असतील, तर आशेला जागा आहे. जमिनीखालून धुमारे टाकणाऱ्या वनस्पतींत आणखी एक गफलत होते. वर दिसणारी पन्नास खोडं खाली एकाच झाडाची असू शकतात.

नर-मादी वेगळी असणाऱ्या जातीत दोन्ही मोजा. दक्षिण आफ्रिकेतल्या न्गोये जंगलात १८९५ मध्ये जॉन मेडली वुड यांना एका सायकडचा, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या प्राचीन गटातल्या झाडाचा, पुंजका सापडला. आज एन्सेफॅलार्टोस वुडी या नावाने त्याची रोपं जगभरच्या वनस्पती उद्यानांत डौलाने उभी आहेत. पण तो पुंजका नराचा होता आणि ही सगळी रोपं त्याच्याच फुटव्यांची. मादी आजवर कुणाला सापडलेली नाही. इतकी रोपं असूनही त्या जातीला स्वतःचं बी धरता येत नाही.

ठिकाण सांगू नका, बूट धुवा

१९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका खोल घळीत वॉलेमाय पाइन सापडला. जंगलातली मोठी झाडं शंभराच्याही आत. जागा गुप्त ठेवली, तरी २००५ मध्ये तिथल्या मातीत मूळकुजवा रोगाचा जंतू फायटॉफ्थोरा आढळला. चोरून आलेल्या कुणाच्या तरी बुटांच्या मातीतून तो आला असावा, असा अंदाज आहे. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरच्या 'कॅफे मॅरॉन'ची गोष्ट याहून बोलकी. संपला असं समजलेल्या या झुडपाचं एकमेव झाड १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाला दिसलं. बातमी फुटली तशी औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडून नेऊ लागले आणि भोवती कुंपण घालावं लागलं.

म्हणून फोटो टाकताना मोबाइलमधली ठिकाणाची नोंद आधी काढून टाका. मागे ओळखीचा डोंगर किंवा देऊळ दिसत असेल तर तो फोटो टाकूच नका. निसर्गनोंदी टाकायचं आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ संकटग्रस्त जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं, पण ती जात त्यांच्या यादीत नसेल तर ते बटण आपणच दाबायला हवं. अचूक ठिकाण दोन-तीन विश्वासू लोकांपाशी आणि संबंधित खात्याकडे असू द्या. पूर्ण गुप्तताही घातकच, कारण कुणालाच ठाऊक नसलेल्या झाडावरून रस्ता जातो.

जागेवर जाण्याआधी बुटांच्या तळाची माती ब्रशने खरवडून काढा आणि ७० टक्के अल्कोहोल फवारा. खुरपी, कात्री, कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय, सगळ्यालाच. झाडांच्या एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जातानाही हेच.

साखळीची कुठली कडी तुटली आहे?

फूल, पराग, फळ, बी, उगवण, रोप, मोठं झाड. यातली एक कडी तुटली की बाकी सगळं शाबूत असूनही जात संपते. ती कडी शोधल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला खडा.

ऐकायला छान वाटणाऱ्या कहाण्यांपासून सावध राहा. मॉरिशसच्या तांबालाकोक झाडाबद्दल १९७७ मध्ये दावा केला गेला की जुनी तेराच झाडं उरली आहेत, कारण डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय बी रुजत नाही आणि डोडो तर नामशेष झाला. गोष्ट जगभर गाजली. पुढे कमी वयाची झाडंही सापडली आणि बी पक्ष्याविनाही रुजतं हे दिसलं. बाहेरून आणलेली डुकरं, माकडं आणि तोडलेलं जंगल ही कारणं कितीतरी रुक्ष, पण जास्त पटणारी आहेत.

परागीभवनाची कडी तपासायला मलमलच्या बारीक पिशव्या आणि रंगीत दोरे पुरतात. फुलं भरपूर असतील तरच हे करा. कळ्या उमलण्याआधी चार गट पाडा. पहिल्या गटाला नुसता दोरा बांधून उघडं ठेवा. दुसऱ्यावर पिशवी घाला आणि बाकी काही करू नका. तिसऱ्यावर पिशवी घाला आणि फूल उमललं की त्याच झाडाचे पराग कुंचल्याने लावा. चौथ्याला लांबच्या दुसऱ्या झाडाचे पराग लावून पुन्हा पिशवीत बंद करा. मग फळांची वाट पाहा.

चौथ्या गटाला भरघोस फळं आणि उघड्या फुलांना नाममात्र, असं दिसलं तर झाड धडधाकट आहे, पराग मात्र पोचत नाहीत. मग परागवाहक कीटक कुठे गेला ते शोधायचं. तिसऱ्यात शून्य आणि चौथ्यात फळ, तर ते झाड स्वतःचे पराग स्वीकारत नाही, त्याला परका जोडीदार हवा. चौथ्यातही काही नसेल तर जवळची सगळी झाडं एकाच वंशाची असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या वस्तीवरचे पराग वापरून पाहायला हवेत.

परागवाहक गमावणं म्हणजे काय, हे हवाईतल्या ब्रिगामियावरून कळतं. लांब नळीसारख्या फुलांचं हे झाड समुद्राकाठच्या उभ्या कड्यांवर वाढायचं. नैसर्गिक परागीभवन थांबलं, तेव्हा वनस्पतीशास्त्रज्ञ दोराने कड्यावरून खाली उतरत आणि हाताने पराग लावत. आपल्याकडच्या कंदीलपुष्पाचं फूल तर माश्यांसाठी सापळाच असतं. नळीतले खाली वळलेले केस माशीला आत जाऊ देतात, बाहेर येऊ देत नाहीत. फूल कोमेजू लागलं की केस सैल पडतात आणि परागांचा गठ्ठा चिकटलेली माशी सुटते. आजूबाजूला फवारणी करून माश्या मारल्या, तर कंदील नुसतेच लटकत राहतील.

पुढच्या कडीसाठी वीसेक बिया ब्लेडने उभ्या कापून पाहा. आत पांढरा, घट्ट गर भरलेला असेल तर बी जिवंत असण्याची शक्यता आहे. पोकळ, तपकिरी किंवा भोक पडलेलं असेल तर मोजून बाजूला ठेवा. बी भरीव आहे पण रानात रोप नाही, असं असेल तर जागेवरच दोन छोट्या चौकटी करा. दोन्हींत सारख्या बिया टाका, एकीवर जाळीचा पिंजरा ठेवा. पिंजऱ्यात रोपं टिकली आणि बाहेर नाहीत, तर कुणीतरी खातंय. दोन्हीकडे उगवलीच नाहीत, तर माती, प्रकाश किंवा ओल बदलली आहे.

जागेवर उपाय

इथे माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यात जास्त नुकसान 'हिरवळ वाढवू' म्हणणारी चांगली माणसं करतात. सडा, माळ, कातळ, दलदल या ओसाड जागा नव्हेत. सड्यावर बोटभर मातीत गवती दवबिंदू आणि सीतेची आसवं वाढतात, कारण तिथे अन्नद्रव्यं इतकी कमी असतात की मोठं झुडूप टिकतच नाही. म्हणून तर त्या कीटक पकडून खातात. तिथे खड्डे खणून, बाहेरची माती भरून झाडं लावली की सावली आणि पालापाचोळा येतो, आणि त्या संपतात. खताचंही तसंच. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. कधीच खत न दिलेल्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास जाती आहेत. अमोनियमयुक्त खत भरपूर मिळालेल्या आम्लधर्मी तुकड्यांत दोन-तीनच उरल्या.

कुंपण घालण्याआधीही दहा वेळा विचार करा. भरतपूरच्या पाणथळीत १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली, तसं पॅस्पॅलम गवत माजलं आणि मोकळं पाणी झाकलं गेलं. चराई नेहमी चांगली असते असं मी म्हणत नाही, पण शतकानुशतकं चाललेली गोष्ट एका दिवसात थांबवू नये. जागेचे दोन तुकडे करा, एकाला कुंपण घाला, दुसरा आहे तसा ठेवा, आणि तीन हंगाम दोन्हीकडची मोजणी करा. मग ठरवा. चराई बी पडल्यावर, तीही थोड्या जनावरांची, असा मधला मार्ग बऱ्याचदा निघतो.

पाण्याकडे पहिल्याच पावसात लक्ष द्या. वरच्या अंगाला एखादा चर खणला, रस्त्याचा भराव टाकला, की खालच्या झऱ्याकाठची ओल वळते. छत्री घेऊन पाण्याच्या वाटा पाहत फिरा. हे काम उन्हाळ्यात होत नाही.

आक्रमक तण काढताना सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींची रीत वापरा. त्या उलट्या बाजूने सुरुवात करत. जिथे देशी वनस्पती उत्तम आहेत तिथून थोडं थोडं तण हाताने काढत तणाच्या रानाकडे सरकत. जमीन शक्य तितकी कमी उकरायची, आणि मोकळ्या झालेल्या जागी देशी रोपं येईपर्यंत पुढे जायचं नाही. आपल्याला सवय असते ती तणाचा सगळ्यात दाट भाग एका रविवारी साफ करण्याची. फोटो छान येतात. पुढच्या पावसात त्या उघड्या मातीत तेच तण दुप्पट उगवतं.

घाणेरीचं झुडूप वरून छाटू नका, ते फुटतं. बुंध्याखाली दोन-तीन इंचांवर सोटमूळ तोडा, झुडूप उलटं करून मुळं वर ठेवा, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. मात्र आधी पाहा, दुर्मिळ वेल त्याच काट्यांच्या आडोशाने जनावरांपासून वाचलेला आहे का? असेल तर तेवढं झुडूप सध्या राहू द्या.

बी राखून ठेवा

हा विमा आहे. जागा वाचवायला पर्याय म्हणून कुणी हे सुचवलं तर मान्य करू नका.

शक्य असेल तर किमान ५० झाडांवरून बी घ्या, आणि प्रत्येक झाडाचं वेगळ्या कागदी पिशवीत. सगळं एकत्र केलं की कोणत्या झाडाचं बी रुजलं नाही ते कळत नाही. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घेऊ नका. झाडं मोजकीच असतील तर १० टक्क्यांवर थांबा. प्लास्टिकची पिशवी टाळा, बी घामेजून बुरशी धरतं.

बियांचे ढोबळ दोन स्वभाव आहेत. काही सुकवून, गारठवून ठेवता येतात. काही सुकल्या की मरतात, जसं आंबा, फणस आणि पावसाळी जंगलातली बरीच झाडं. तुमच्या जातीचा स्वभाव माहीत नसेल तर थोड्या बिया सुकवून रुजवून पाहा. सुकणाऱ्या असतील तर सावलीत वाळवा आणि मग घट्ट झाकणाच्या बरणीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी साधारण दुप्पट. बियाणे पेढ्यांत १५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रतेत वाळवून मग उणे २० अंशांत ठेवतात. ओलं बी थेट फ्रीजरमध्ये टाकलं तर आत बर्फ होऊन ते फुटतं.

न सुकणाऱ्या बिया लगेच पेरायच्या. त्यांचा साठा म्हणजे कुंडीतली किंवा उद्यानातली जिवंत झाडंच. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात शिदोरी नसते. बुरशीच्या साथीशिवाय ते रुजत नाही, म्हणून ते प्रयोगशाळेकडे द्या.

आता लागवड

तुटलेली कडी सापडली, जागेवर उपाय केला, दोन-तीन हंगाम वाट पाहिली, तरी रोपं येत नाहीत. तेव्हाच.

बी त्याच वस्तीचं वापरा, ती संपली असेल तर जमीन आणि हवामान सगळ्यात जवळचं असलेल्या वस्तीचं. रोपवाटिकेत त्याच कुळातली शोभेची भावंडं शेजारी ठेवू नका, संकर झाला की मूळ वाण हातचं गेलं. मातीचं मिश्रण निर्जंतुक हवं आणि कुंड्या जमिनीवर न ठेवता उंच फळीवर. मूळकुजवा रोपवाटिकेतूनच रानात जातो. लावणीच्या महिनाभर आधी पाणी हळूहळू कमी करून रोपं काटक करा (हार्डनिंग). लाडात वाढलेलं रोप पहिल्या उन्हात मान टाकतं.

सगळी रोपं एका जागी, एका वर्षी लावू नका. तीन जागा, तीन वर्षं असं वाटा. एखादा दुष्काळ किंवा वणवा आला तर सगळं एकदम जाणार नाही. प्रत्येक रोपाशेजारी ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा, तीवर क्रमांक आणि मातृरोपाचा क्रमांक खिळ्याने कोरा. मार्करची शाई दोन पावसांत पुसते.

पहिल्या वर्षी दर महिन्याला, नंतर वर्षातून दोनदा, फुलोऱ्यात आणि फळधारणेत, तीच माणसं त्याच पट्ट्यांवरून मोजणी करतील असं पाहा. एका ठरलेल्या दगडावर उभं राहून दर वेळी त्याच दिशेने एक फोटो घ्या. मेलेल्या रोपाची नोंद जगलेल्याइतकीच नीट लिहा. कधी मेलं, पानं आधी वाळली की मुळं आधी कुजली, कुरतडल्याच्या खुणा होत्या का. वहीत तीन रकाने वेगळे ठेवा: लावलेली रोपं, त्यांपैकी फुललेली, आणि आपण न लावता उगवलेली. तिसरा रकाना बऱ्याच वर्षांपर्यंत कोरा राहील. त्यात पहिला आकडा पडला की त्या रोपाची काडी वेगळ्या रंगाची लावा, आणि वहीची एक प्रत करून ती पुढे जो मोजणार आहे त्याच्याकडे आत्ताच देऊन ठेवा.